साडेपाचची बस आणि दोन ‘नाही’

त्या मंगळवारी आर्लीन नेलिसनं बसचे आरसे तीनदा पुसले. पहिल्यांदा पुसले तेव्हा ते खरोखर मळले होते. नंतरच्या दोन वेळा हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

हार्मनव्हिलच्या शाळेची बस ती सव्वीस वर्षं चालवत होती. खोऱ्यातलं एकही घर असं नव्हतं की ज्याच्या दारापुढे तिनं कधी बस उभी केली नाही. कुणाच्या स्वयंपाकघरातला दिवा सकाळी किती वाजता लागतो, कुणाचा कुत्रा बसमागे धावतो, कुणाचा बाप हल्ली कामावर जात नाही, हे सगळं तिला तोंडपाठ. ती त्यातलं कुठे काही बोलत नसे, म्हणून तिच्यावर लोकांचा विश्वास होता.

तिची एक फेरी सकाळची, एक दुपारची आणि एक संध्याकाळी साडेपाचची. साडेपाचची बस म्हणजे शाळा सुटल्यावर बँडसाठी, खेळासाठी, नाहीतर गणितात मागे पडल्यामुळे थांबलेल्या मुलांची. तिन्ही फेऱ्या धरल्या तर आर्लीनचे आठवड्याचे तास भरत आणि शाळेकडून विमा मिळे. त्या विम्यावर तिच्यापेक्षा तिचा नवरा ऑरिन जगत होता. तो कामाला होता तो गालिच्यांचा कारखाना बंद पडला, पाठोपाठ त्याच्या हृदयानं दगा दिला. आता छातीत यंत्र आणि महिन्याला औषधांची पिशवी. सरकारी विमा पासष्टाव्या वर्षी लागू होणार, आणि ऑरिन होता बासष्टचा. मधली तीन वर्षं साडेपाचच्या बसवर तरंगत होती.

आणि त्या वर्षी राज्यानं शाळांचे पैसे कापले होते. मे महिन्यातल्या तिसऱ्या मंगळवारी शाळेचं पुढच्या वर्षाचं अंदाजपत्रक दर वर्षी गावापुढे मताला येतं. पास झालं तर घरपट्टी थोडी वाढते, पडलं तर काटछाट होते. काटछाटीच्या यादीत सगळ्यात वर काय आहे हे बस-गॅरेजमध्ये कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती.

“बस की जरा,” ऑरिन सकाळी म्हणाला होता. “कॉफी गार झाली तुझी.”

“बसायलाच चाललेय. बसमध्ये.”

“आर्लीन, दर वर्षी पास होतं ते.”

“गेल्या वर्षी चोवीस मतांनी झालं. चोवीस म्हणजे माझ्या बसच्या बारा बाकांवरची माणसं, ऑरिन!”

खोऱ्यात मतदार चार हजारांच्या वर. मतदानाला येतात सातशे, फार तर साडेसातशे. ज्यांना ‘नाही’ म्हणायचं असतं ते दुपारी बारा वाजता, दार उघडताच, कोट घालून हजर. ज्यांची मुलं शाळेत आहेत ते म्हणतात, आपलं एक मत गेलं न गेलं, काय फरक पडतो? आणि घरी जाऊन मुलांना आंघोळी घालतात. शाळेनं यावर एक युक्ती काढली होती. मतदानाच्याच दिवशी, त्याच इमारतीत संध्याकाळी बँडचा कार्यक्रम ठेवायचा आणि व्हरांड्यात छोट्यांची चित्रं लावायची. पोरांचं कौतुक करायला आई-बाप येतील आणि जाता जाता मत देतील. झालं असं की आई-बापांबरोबर आजी-आजोबाही येऊ लागले. नातवाच्या चित्रापुढे उभं राहून डोळे पुसायचे, बँडवाल्या पालकांच्या टेबलावरून रुबार्बच्या ‘पाय’चा, त्या आंबटगोड सारणाच्या पेस्ट्रीचा, तुकडा घ्यायचा, आणि मतदान असलेल्या व्यायामशाळेत जाऊन खटकन ‘नाही’चा खटका दाबायचा.

साडेपाचची फेरी संपवून आर्लीननं बस गॅरेजला लावली तेव्हा साडेसहा वाजत आले होते. आता खरा प्रश्न पुढे होता. त्या प्रश्नाचं नाव एल्डन क्वॅकनबुश.

एल्डन चौऱ्याऐंशी वर्षांचा, तिच्या घरापासून तिसरा. गायी केव्हाच विकल्या, बायको गेली, मूलबाळ नाही. उरली नव्वद एकर जमीन आणि तिच्यावरचा कर. डोळ्यांनी दगा दिल्यावर त्यानं मोटारीच्या किल्ल्या स्वतःहून टाकून दिल्या, आणि त्या वर्षापासून मतदानाला त्याला आर्लीन नेत असे. आज नऊ वर्षं झाली. नऊही वर्षं तो गाडीत बसताना म्हणे, “चला, एक ‘नाही’ टाकून येऊ.” आणि आर्लीन म्हणे, “आणि मी एक ‘होय’. झाली फिट्टंफाट.” मग दोघं हसत. टपालानं मत पाठवायची सोय होती, पण त्याला ते यंत्रच हवं असे. जुनं, करड्या रंगाचं, लाल दांडा ओढला की पाठीमागे पडदा सरकणारं. “दांडा ओढल्याशिवाय मत दिल्यासारखं वाटत नाही,” तो म्हणे.

आजही पावणेसातला तो ओट्यावर टोपी घालून उभा असणार. नेलं नाही तर तो चालत जाऊ शकत नाही, दुसऱ्या कुणाला फोन करणार नाही. एक ‘नाही’ कमी. इतकं सोपं होतं ते. बस बिघडली होती म्हणून सांगायचं, बसमधल्या एका मुलाला उशीर झाला म्हणून सांगायचं. सव्वीस वर्षांत तिनं एकही फेरी चुकवली नव्हती, त्यामुळे तिच्या खोट्यावरही लोकांनी विश्वास ठेवला असता. गॅरेजपासून गाडीपर्यंतच्या चाळीस पावलांत तिनं एल्डनला दोनदा सोडून दिलं आणि दोनदा परत घेतलं.

शेवटी तिनं तोड काढली. एल्डनला न्यायचं, पण त्याच्याबरोबर एक हक्काचं ‘होय’ही न्यायचं. म्हणून ती आधी शॉना स्प्रेगकडे गेली. शॉना लहानपणी तिच्याच बसमधून शाळेला यायची, वळणावर तिला मळमळायचं, म्हणून आर्लीन तिला पुढच्या बाकावर बसवायची. आता तिची मुलगी दुसरीत होती. शिवाय कडेवर एक. गाडी नाही, नवरा आहे की नाही याची चौकशी कुणी करत नसे.

“मिसेस नेलिस, मी अजून कामाच्या कपड्यांत आहे!”

“यंत्र कपडे बघत नाही. चल.”

“बाळ झोपेला आलंय हो.”

“गाडीत झोपेल. आणि तुझ्या टेसाचं चित्र लागलंय ना व्हरांड्यात? घोडा का काय?”

“गाय आहे ती,” शॉना हसून म्हणाली आणि बुटांचे बंद बांधू लागली. टेसा तर आधीच गाडीत जाऊन बसली होती.

एल्डनच्या ओट्यापुढे गाडी थांबली तेव्हा सातला पाच कमी होते.

“दहा मिनिटं उशीर,” तो पुढच्या सीटवर बसत म्हणाला. “म्हटलं, यंदा पोरगी मला टांग देतेय की काय.”

आर्लीनचे कान तापले. “मी? तुम्हाला?”

“मी दिली असती तुझ्या जागी. कोण आहे मागे?”

“शॉना स्प्रेग. आणि तिची दोन.”

“स्प्रेग? तुझा आजा माझ्याकडे गवत कापायला यायचा. महाआळशी माणूस.”

“अजूनही लोक तेच सांगतात,” शॉना म्हणाली.

“आम्ही गाय काढलीय,” टेसानं मधेच सांगितलं.

“मग मी बघायला येणार. गायीतलं कळणारं तिथे दुसरं कोण असेल?”

व्यायामशाळेत रांग होती, आणि रांग बघून आर्लीनचा जीव आणखीच खालीवर झाला. तिनं नजरेनं माणसं मोजायला सुरुवात केली. हा होय, ही नाही, हे दोघं नाही, तिचा मुलगा ट्रम्पेट वाजवतो म्हणजे होय. यंत्राच्या बाजूला एक आकडा दिसतो, किती जणांनी मत दिलं त्याचा. तो सहाशे चाळीसवर होता. तिनं स्वतःचं मत दिलं, बाहेर आली, पाय ठरेना म्हणून पाणी प्यायली, परत आली. एल्डन आत गेला. पडदा सरकला, खटका वाजला, पडदा उघडला. चार सेकंद. त्याच्या मनात कधी शंका म्हणून नसायचीच. मग शॉना बाळ आर्लीनच्या हातात देऊन आत गेली. तिला वेळ लागला. बाळ आर्लीनच्या कानातल्याशी खेळत होतं, आणि तिला वाटलं, चला, एकाला एक. निदान माझ्या हातून वाईट तरी झालं नाही.

परत येताना अजून उजेड होता. रस्त्याच्या कडेला लायलॅकची जांभळी झुडपं फुलली होती, त्यांचा वास गाडीत येत होता. टेसाच्या गायीला पाच सड आहेत, हे एल्डननं सगळ्यांसमोर मोजून दाखवल्यामुळे टेसा रुसली होती.

“मिसेस नेलिस,” शॉना एकदम म्हणाली, “तुम्ही रागावणार नाही ना? मी ‘नाही’ दाबलं.”

आर्लीननं ब्रेक दाबला नाही. सव्वीस वर्षांची सवय. गाडी हळूच कडेला घेतली, लुकलुकणारे दिवे लावले, आणि मग मागे वळली.

“काय केलंस?”

“घरमालक म्हणाला, घरपट्टी वाढली तर भाडं वाढवणार. आधीच मला जमत नाहीये. टेसा तर सकाळच्या बसनं जाते, ती काही बंद होत नाही. काटछाटीच्या यादीतल्या गोष्टी मोठ्या मुलांच्या आहेत. मग म्हटलं...”

“अगं, मी तुला आणलं!”

“तुम्ही म्हणालात चल, मत दे. काय दे ते नाही म्हणालात.”

एल्डन हसायला लागला. आधी हळू, मग खोकला येईपर्यंत. “आर्लीन, दोन ‘नाही’ वाहून नेलेस तू! तुला त्या करविरोधी मंडळींनी पेट्रोलचे पैसे द्यायला हवेत.”

“हसू नका!” आर्लीन इतकी जोरात ओरडली की बाळ दचकलं. “साडेपाचची बस आहे त्या यादीत. माझी बस. ती गेली की माझे तास गेले, तास गेले की विमा गेला, आणि ऑरिनची औषधं काय, तुमच्या नव्वद एकरांत उगवणार?”

दिव्यांची टकटक तेवढी ऐकू येत होती.

“हे तू मला कधी सांगितलंस?” एल्डननं विचारलं. आता तो हसत नव्हता.

“तुम्हाला कळत नाही?”

“मला कसं कळणार? नऊ वर्षं तू एकच बोलतेस. मुलांसाठी, एल्डन. मुलांचं भविष्य, एल्डन. माझी मुलं कोण? गायी. त्यांना बँड कशाला हवा? एकदा म्हणाली असतीस की माझ्यासाठी, तर मी तो खटका दुसरीकडे दाबला नसता?”

“मीसुद्धा,” शॉना मागून बारीक आवाजात म्हणाली. “भाड्याचं मी काहीतरी बघितलं असतं.”

आर्लीनकडे उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. या खोऱ्यात माणूस चर्चच्या छपरासाठी मागेल, आगीच्या बंबासाठी मागेल, दुसऱ्याच्या आजारी पोरासाठी वर्गणीचा डबा घेऊन दारोदार फिरेल. स्वतःसाठी कुणी मागत नाही. ऑरिन दवाखान्यात होता तेव्हा लोकांनी न मागता अठरा दिवस जेवण आणून दिलं, आणि तिनं अठराही भांडी घासून, वर काहीतरी घालून परत केली होती. आपल्या विम्यासाठी दुसऱ्यानं कर भरावा, हे वाक्य तिच्या तोंडातून निघालंच नसतं. म्हणून तिनं त्यावर मुलांचं पांघरूण घातलं होतं. ते खोटंही नव्हतं. पण पुरं खरंही नव्हतं.

सकाळी गॅरेजमध्ये कळलं: होय तीनशे एकाहत्तर, नाही तीनशे अठ्ठ्याऐंशी. आर्लीननं मनात दोन मतं इकडची तिकडे करून पाहिली. तरी पडलंच असतं. त्यानं तिला जराही बरं वाटलं नाही.

पडलेलं अंदाजपत्रक कापून-छाटून जूनमध्ये पुन्हा मताला ठेवता येतं. त्याआधी शाळेच्या मंडळाची खुली बैठक असते. ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं. ते पंधरा दिवस आर्लीननं कसे काढले ते ऑरिनलाच ठाऊक. रात्री उठून ती कपाटं आवरी. जेवताना मधेच उठून खिडकीशी जाई. “तू बोल तरी, नाहीतर सोड तरी,” तो म्हणे, “माझं यंत्र तुझ्यामुळे बंद पडेल.”

बैठकीला शाळेच्या वाचनालयात लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. तिच्या शेजारी ग्वेन बॅरिंजर बसली होती. वाचनालयातली मदतनीस, छोट्यांना पुस्तकं काढून देणारी, मऊ बोलणारी बाई. दोघींनी एकमेकींकडे बघून मान हलवली. माइकपाशी माणसं येत होती आणि मुलांबद्दल बोलत होती. मुलांचं भविष्य, मुलांचा हक्क. मग आर्लीनची पाळी आली.

“मी आर्लीन नेलिस. मुलांबद्दल सगळे बोललेत, मी माझ्याबद्दल बोलते,” ती म्हणाली. मग तास, विमा, ऑरिनचं यंत्र, पासष्ट वर्षं, सगळं सांगितलं. मध्ये एकदा थांबली. “मला हे मागायची लाज वाटतेय. पण हे मी माझ्यासाठीच मागतेय.” तीन मिनिटांतलं सव्वा मिनिट उरलं होतं तरी ती बसली.

टाळ्या वाजल्या नाहीत. इथे अशा वेळी वाजत नाहीत. मागच्या रांगेतून एल्डनचा आवाज तेवढा आला, “आता कसं.”

दुसऱ्या आठवड्यात नवी यादी आली. साडेपाचची बस राहिली होती. तिच्या जागी वाचनालयातल्या मदतनीसाची जागा कापली होती.

आर्लीनला ग्वेन दुकानाच्या आवारात भेटली, दुधाचे कॅन गाडीत ठेवताना. आर्लीनला वळून जायचं होतं, पण पाय तिच्याकडेच गेले.

“छान बोललीस त्या दिवशी,” ग्वेन म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. “मीही लिहून नेलं होतं. पर्समध्येच राहिलं. म्हटलं, आपल्याच नोकरीसाठी काय उठून बोलायचं, बरं दिसतं का?”

“ग्वेन...”

“नाही गं. तुझ्या ऑरिनचं कळतं मला.” आणि तिनं डिकी बंद केली.

जूनच्या मतदानाला आर्लीननं एल्डनला नेलं. तो सबंध रस्ताभर बजावत होता, “मी तुझ्यासाठी होय ओढतोय. मुलांसाठी नाही. नीट समजून घे.” शॉना चालत आली होती, हात वर करून गेली. आर्लीननं दांडा ओढला, पडदा मागे सरकला, आणि ती तिथेच उभी राहिली. ‘होय’चा खटका समोर होता. तो दाबला की ऑरिन तरणार होता आणि ग्वेन जाणार होती. ‘नाही’ दाबलं तर ग्वेन वाचणार होती असंही नाही; दुसऱ्यांदा पडलं की काटछाट आणखी मोठी, मग दोघी गेल्या असत्या.

“आर्लीन,” टेबलावरच्या बाईनं बाहेरून हाक मारली, “अडकलंय का काही?”

“नाही, नाही,” ती म्हणाली, आणि ‘होय’ दाबलं.

अंदाजपत्रक एकशे नऊ मतांनी पास झालं. ऑरिनची विम्याची नवी कार्डं आली. त्यानं एक पाकिटात घातलं, दुसरं तिच्यापुढे ठेवलं. “झालं ना? आता तरी स्वस्थ बस.”

ती बसली. दहा मिनिटं. मग गाडीच्या किल्ल्या घेऊन उठली.

ग्वेन जाळीच्या दारापाशी आली, हात पुसत. दार तिनं उघडलं नाही.

“जुलैत मंडळाची बैठक आहे,” आर्लीन पायरीवरूनच म्हणाली. “बोलायला तीन मिनिटं मिळतात. पास झालेल्या पैशांत अजून इकडचं तिकडे करता येतं, मी विचारून आलेय. तू बोल.”

“माझ्याच नोकरीसाठी?”

“हो. तुझ्याच. मी बाजूला उभी राहते.”

ग्वेनचे हात पुसायचे थांबले. “आणि मग कुणाचं कापतील?”

ठाऊक नाही, अशी आर्लीननं मान हलवली.

“विचार करते,” ग्वेन म्हणाली आणि आत गेली. आर्लीन गाडीत येऊन बसली. किल्ली लावली, पण फिरवली नाही. जाळीच्या दारामागे दिवा लागला होता, आणि ग्वेन स्वयंपाकघरात इकडून तिकडे, तिकडून इकडे फेऱ्या घालताना दिसत होती.